दम लागत नाही म्हणे

माझ्या जेवणाच्या टेबलावर आमचा धाकटा भाऊ स्वतःसाठी एक फुप्फुस जोडत बसला होता आणि आमटीचं पातेलं कुठं टेकवावं हे मला कळत नव्हतं. रबरी नळ्या, दोन पिशव्या, एक जाड प्लॅस्टिकचा डबा, असंख्य बारीक रिंगा, आणि ह्या सगळ्यावर ओणवा झालेला तो. "अक्का, तिकडं नको ठेवूस की, तिथं रिंगा आहेत," म्हणाला. मी म्हटलं, "घर माझं, टेबल माझं, आमटी माझी. तुझ्या रिंगा उचल." उचलल्या, पण तोंड असं केलं की जणू मी चपला घालून देव्हाऱ्यात शिरले होते.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी हुबळीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात भूल द्यायचं काम करत होते, घर केशवापुरात. यजमान बदलीवर बेळगावला, शनिवारी यायचे. आई गेल्यापासून अप्पा माझ्याकडंच राहत आणि रोज सकाळी ऑटो करून दाजीबानपेठेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात जात. त्या दुकानात खरं तर भावानं बसायचं होतं. पण तो नव्वदीच्या मध्यावर आखातात गेला, पाणबुड्या झाला, समुद्राच्या तळाशी तेलाच्या नळांची डागडुजी करू लागला. तिथं त्याला एक गोरा जोडीदार भेटला आणि ह्या दोघांना गुहांचं वेड लागलं. मेक्सिकोत म्हणे जमिनीखाली पाण्यानं भरलेल्या गुहा आहेत, मैलोन् मैल. सुट्टी मिळाली की माणसं घरी येतात. हा तिकडं जायचा आणि त्या बिळांत शिरायचा.

त्या खेपेला मात्र लांब सुट्टी काढून घरी आला होता, कारण त्याला यंत्र जुळवायचं होतं. पुढच्या मोसमात एका गुहेच्या अशा टोकाला जायचं ठरलं होतं, जिथं अजून कोणी पोचलेलं नव्हतं. त्यासाठी रिब्रीदर हवा. साध्या पाणबुड्याच्या पाठीवर सिलिंडर असतो. तो श्वास घेतो, सोडतो, बुडबुडे वर जातात आणि हवा संपत जाते. रिब्रीदरमध्ये सोडलेला श्वास बाहेर जातच नाही. तो नळीतून डब्यात जातो, डब्यातला दाणेदार चुना त्यातला कार्बन डायॉक्साइड शोषून घेतो, जेवढा ऑक्सिजन खर्च झाला तेवढा नवा थोडाथोडा आत सोडला जातो, आणि तोच श्वास परत तोंडाशी येतो. त्यामुळं तासन् तास पुरतो. मला ह्यात नवल काहीच नव्हतं. ऑपरेशन थिएटरात आम्ही पेशंटला अशाच बंद चक्रातून श्वास देतो. तोच चुना, तशाच नळ्या. फरक एवढाच की माझा पेशंट झोपलेला असतो आणि त्याच्यासाठी मी जागी असते. ह्याच्यासाठी जमिनीखाली जागं कोण राहणार?

"म्हणून तर तुझ्याकडं आलो," तो म्हणाला. "तुझाच विषय आहे. तू निवड."

निवड म्हणे! अप्पांच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं शंभर लुगडी उलगडायची पद्धत. हा यंत्राचं तसंच करायचा. सांगाडा एकच होता, पण वरची डोकी, म्हणजे ऑक्सिजन सोडणारा भाग, त्यानं दोन आणली होती, एक ठेवायचं आणि एक परत पाठवायचं. एका डोक्यात ऑक्सिजन किती सोडायचा ते यंत्रच ठरवणार, माणसानं नुसतं पोहायचं. दुसऱ्यात बारीक धार सतत चालू, आणि कमी पडलं की आपण बटण दाबायचं. त्याचा ओढा पहिल्याकडं. मी म्हटलं, "थिएटरात अलार्म वाजला की आम्ही पहिल्यांदा काय करतो माहीत आहे? अलार्म बंद करतो. यंत्र सगळं करतंय म्हटल्यावर माणूस बघायचं सोडतो. बटणवालं घे. हात कामात राहिला की डोळा काट्यावर राहतो." दोन दिवस फुगून बसला, मग बटणवालं घेतलं.

श्वासाच्या पिशव्या त्याला पाठीवर हव्या होत्या, म्हणजे छाती मोकळी राहते आणि चिंचोळ्या जागेतून सरकता येतं. पण पाठीवरच्या पिशवीतून पाण्याखाली श्वास ओढताना जोर लागतो, हे त्यानंच बोलता बोलता कबूल केलं, आणि मी तिथंच पकडला. "जोर लागला की माणूस थोडंच ओढतो, थोडं ओढलं की घाण आत साचते. पिशव्या खांद्यावरून पुढं घे." घेतल्या. मग ऑक्सिजन मोजणारे तीन सेन्सर. तिघांतले दोघं म्हणतील ते खरं धरायचं, असा त्यांचा कायदा. हे तिन्ही त्यानं एकाच खोक्यातून काढले होते. मी म्हटलं, "एका दिवशी जन्मलेले तिघं एकाच दिवशी म्हातारे होणार रे. दोघं मिळून चुकीचं सांगू लागले तर तिसऱ्या शहाण्याचं कोण ऐकणार?" ह्यावर तो खदखदून हसला आणि म्हणाला, "अक्का, तू आमच्यात यायला पाहिजे होतंस." मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? लहानपणानंतर आम्ही दोघं इतकं एका टेबलाशी कधी बसलोच नव्हतो.

पण मनात धाकधूक होतीच. यंत्र बंद पडलं तर परत यायला साध्या हवेचे सिलिंडर कुशीला बांधून न्यायचे होते. त्याचा हिशेब त्यानं शांतपणे पोहणाऱ्या माणसाच्या श्वासावर मांडला होता. मी चिडले. "यंत्र बिघडल्यावर माणूस शांत राहतो होय? धापा टाकणाऱ्या माणसाचा हिशेब मांड. दुप्पट ने."

"मला दम लागत नाही, अक्का," तो सहज म्हणाला आणि सिलिंडर मात्र वाढवले.

एक दिवस मी नळ्यांमागून नळ्या बघत गेले आणि विचारलं, "ऑक्सिजनला तीन तीन काटे लावलेस. कार्बन डायॉक्साइडचा काटा कुठाय?"

"नसतो."

"नसतो म्हणजे? चुना संपला, ओला झाला, झडप अडकली, तर कळायचं कसं?"

"कळतं की. दम लागतो, छाती भरून येते, डोकं दुखतं. माणसाला आपोआप कळतं. पाण्यात उतरायच्या आधी आम्ही यंत्र तोंडाला लावून थोडा वेळ बसतो. चुना काम करत नसेल तर तिथंच दम लागतो."

म्हणजे एवढ्या सगळ्या कारभारात ह्या एका विषासाठी काटा होता तो माणसाचं स्वतःचं शरीर. तेव्हा मला ते पटलं. थिएटरात काटे नव्हते तेव्हा आम्हीही पेशंटच्या कपाळाला हात लावून घाम बघत होतो.

त्यानंतर एका संध्याकाळी मी हॉस्पिटलातून आले तर हा खुर्चीत बसलेला. यंत्र छातीवर, नाकाला चिमटा, तोंडात नळी, हातात कानडी पेपर. उतरण्याआधीच्या बैठकीचा सराव चालला होता. माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी आत चहा टाकायला गेले. ओट्यावर माझी मोठी परात, तिच्यात तो पांढरा दाणेदार चुना, आणि वर माझी रव्याची चाळण! भुकटी काढायला चाळत बसलं होतं बेणं. "अरे, ही चाळण आता मी फेकून देऊ की काय?" मी आतूनच ओरडले. "चुन्याचा शिरा खायचाय होय तुला?" असं बरंच काही बोलले. आणि मग परातीकडं परत बघितलं. चुना जर परातीत आहे, तर डब्यात काय आहे?

पळत बाहेर आले. तो पेपरचं शेवटचं पान वाचत होता. मी नळी ओढून काढली.

"काय गं?"

"डबा उघड."

उघडला. रिकामा. "अरेच्चा," तो म्हणाला, "मघाशी चाळायला काढला आणि दुकानातून अप्पांचा फोन आला. तसाच बसवला बघ." आणि हसायला लागला. तोंड लालबुंद झालं होतं, कपाळावर घाम होता, आणि हा हसत होता. पेपर चाळून होईस्तोवर तो स्वतःचा सोडलेला श्वास परत परत ओढत होता आणि त्याला काही म्हणता काही जाणवलं नव्हतं. मी म्हटलं, "दम नाही लागला?"

"दम? मला?"

आता हे मराठी घरात वाढलेल्या माणसालाच कळेल. 'याला दम लागत नाही' ही आमच्याकडं शाबासकी आहे. उणकलच्या तळ्यात हा लहानपणी बुडी मारायचा ते वर यायचं नावच घ्यायचा नाही. काठावरची पोरं घाबरून रडायला लागायची, आणि हा आरामात डोकं वर काढायचा, ना धाप ना खोकला. अप्पा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, मराठीत आणि कानडीत, "आमच्या पोराला दम लागत नाही!" आखातात नोकरी लागली तीही त्याच जोरावर, असं ते मानायचे. आम्ही सगळेच मानत होतो. मी डॉक्टर होऊन, रोज लोकांचे श्वास मोजून, मीही तेच मानत होते. दम लागणं म्हणजे कमकुवतपणा. दम लागणं ही शरीरानं मारलेली हाक आहे, आणि ज्याला ती ऐकूच येत नाही तो बळकट नसतो, बहिरा असतो, हे त्या रिकाम्या डब्याकडं बघताना मला कळलं. मला इतकी भीती वाटली की गॅसवर चहा जळाला तरी मी तिथंच उभी.

तो म्हणाला, "थोडा वेळच बसलो होतो गं." मी म्हटलं, "बरं. मग नीट बघू."

रविवारी थिएटर रिकामं असतं. तेव्हा आमच्याकडं श्वासातला कार्बन डायॉक्साइड दाखवणारं यंत्र नवंच आलं होतं. मोठ्या डॉक्टरांना विचारून मी भावाला घेऊन गेले. ऑक्सिजन भरपूर चालू ठेवायचा, चुना काढून घ्यायचा, आणि स्वतःचाच श्वास फिरवत राहायचं. आधी मी बसले. निरोगी माणसाचा आकडा चाळीसच्या आसपास असतो. तो पन्नासच्या वर गेला तशी माझी छाती भात्यासारखी हलायला लागली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी मुखवटा भिरकावून दिला. "बघ," तो हसून म्हणाला, "तुला बाई लगेच दम लागतो."

मग तो बसला. मी पडदा त्याच्याकडं पाठ करून ठेवला आणि सुरू केलं. पन्नास झाले. श्वास किंचित खोल झाला, बस्स. पंचावन्न. तो भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. साठ. मी त्याचा हात हातात घेतला, नाडी उड्या मारत होती, हात गरम होता, म्हणजे शरीराला ठाऊक होतं. फक्त ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. पासष्ट झाले आणि त्यानं माझ्याकडं वळून, मोकळ्या हाताचं बोट हवेत गोल फिरवलं. डोळ्यांत थोडा वैताग. त्याचा अर्थ सरळ होता. अक्का, किती वेळ लावतीस? कर की सुरू.

मी मुखवटा ओढून काढला आणि पडदा त्याच्याकडं फिरवला.

माझा आकडा त्यानं मघाशी बघितलाच होता, समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मी बोलत सुटले. जन्मापासून असं असेल, नाहीतर इतकी वर्षं हवा पुरवून पुरवून वापरायची सवय लागली असेल, कारण काही का असेना. "तुझ्यासाठी हेही डोकं नको आणि तेही नको. तुझ्याजोगं यंत्रच नाही."

"चुना दर वेळी नवा भरेन."

"आणि पाणी शिरून ओला झाला तर?"

"झडपा दोनदा तपासेन."

"आणि तिसऱ्यांदा आत अडकली तर? तुला कळणार कसं? अरे, जीव जाईल आणि जाताना तुला कळणारसुद्धा नाही रे!" मी थिएटरात ओरडत होते, जिथं आम्ही कुणालाही मोठ्यानं बोलू देत नाही. त्यानं डोकं दाबून धरलं आणि म्हणाला, "ठणकतंय आता."

घरी आलो तर अप्पा व्हरांड्यात शेंगा फोडत बसलेले. त्यांना आम्ही नुसतं तपासणीला जातोय एवढंच सांगितलं होतं. "काय झालं तपासणीचं? लागला का दम?" त्यांनी विचारलं.

भाऊ चप्पल काढता काढता म्हणाला, "नाही अप्पा. नाही लागला."

"लागणारच नाही!" अप्पांनी मांडीवर थाप मारली आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांना कानडीतून तीच बातमी दिली. मला वाटलं, ओरडून सांगावं. पण भावानं माझ्याकडं असं बघितलं की मी गप आत गेले.

मग त्यानं जोडीदाराला फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, लपून नाही, मुद्दाम दारात उभी राहून. तो सगळं सांगत होता, आकड्यांसकट. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. ठेवल्यावर म्हणाला, "तो म्हणतो, आमच्यातल्या निम्म्यांचं असंच असेल. तपासलंय कुणी? ये म्हणतो."

"आणि तू?"

"नाही म्हणालो."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्याचा चेहरा बघून ते टिकलं नाही. तो टेबलाशी बसला आणि यंत्र सोडवू लागला, परत पाठवण्यासाठी. मी समोर बसून रिंगा एकेक पुसून डबीत ठेवत होते. त्या माझ्याच टेबलावर मी त्याच्याशी भांडून भांडून बसवल्या होत्या.

"अक्का," तो म्हणाला, "मग मी आजवर वाचलो कसा?"

पेशंटचे नातेवाईक असं विचारतात तेव्हा मी वर बोट दाखवते. त्याला ते चाललं नसतं. "माहीत नाही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मी कधी न विचारलेलं मग विचारलं. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी त्याला हेच विचारलं होतं की तिथं का जातोस, त्यात काय मिळतं, दुकान का सोडलंस. ते सगळे प्रश्न टोमणेच होते. मी म्हटलं, "आत असतं काय रे? खरंच सांग."

तो नळी गुंडाळायची थांबला. "दिसायला काही विशेष नसतं. दगड, पाणी, दिव्याचा उजेड. पण खूप आत गेलं ना, की एक वेळ अशी येते... सगळं सोडून दिल्यासारखं होतं. कसली म्हणून काळजी राहत नाही. अप्पांची नाही, कामाची नाही, आई गेली तेव्हा मी इथं नव्हतो त्याचीसुद्धा नाही. इतकं शांत मला वर कधीच वाटलं नाही, अक्का. कुठंच नाही. त्याच्यासाठीच जात होतो मी."

मी रिंगा पुसत राहिले. हे काय आहे, हे माझ्या लक्षात आलं होतं. रोज सकाळी ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर मी तेच आणत असते. वाटलं, ह्यानं पुढं काही विचारू नये. पण तो माझाच भाऊ, आणि डोकं त्याचंही चालत होतं.

"ते शांत वाटणं," तो म्हणाला, "ते पण तेच होतं का गं? हवा पुरवून पुरवून घेताना आत साचलेला वायू?"

खोटं बोलता आलं असतं. "असेल," मी म्हणाले.

त्यानं हातातली नळी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "सगळंच?"

मी पुढची रिंग उचलली आणि पुसायला घेतली.